स्वादुपिंडातला सूर

माझ्या नवऱ्याला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एका आवाजाचं वेड लागलं, आणि तो आवाज त्याच्याच पोटातला होता. या वयात माणसं केस काळे करतात, हास्यक्लबात जाऊन टाळ्या पिटतात, नाहीतर गावाकडे जमीन बघायला लागतात. आमचा मुनीर डाव्या बरगडीखाली चकती चिकटवून, डोळे मिटून, दिवाणावर बसून राहायचा. चहा समोर ठेवला तरी त्याला पत्ता नसायचा. मी भांडी आपटून बघितली, त्याचाही उपयोग झाला नाही.

आम्ही मिरजेचे. मी बिल्किस, शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. मुनीर तंबोरे करतो. त्याचे वालिद करायचे, त्यांचेही वालिद करायचे, आणि त्याचे मोठे भाऊ, यासीनभाईजान, समोरच्याच दुकानात सतारी करतात. आता गाणारे बहुतेक लोक फोनमधल्या तंबोऱ्यावर खूश असतात. त्या तंबोऱ्याला मूड कळतो, गळा बसला तर तो आपोआप अर्धा सूर उतरतो, आणि त्याला भोपळा लागत नाही. जे खूश नसतात ते मिरजेला येतात. ते येतात ते जवारीसाठी. तंबोऱ्याची तार छेडल्यावर नुसता टण्ण आवाज आला तर त्याला आमच्या गल्लीत कुणी तंबोरा म्हणणार नाही. जवारी चांगली लागली की एका सुरातून दहा सूर उमलतात आणि खोलीभर पसरून राहतात. मुनीर एकेका तंबोऱ्याची जवारी आठ-आठ दिवस लावत बसतो, आणि शेवटी ती कुणालाही आवडली तरी त्याला स्वतःला पुरती आवडत नाही. लग्न झाल्यापासून मी हे बघत आले आहे. "जवळपास आली," एवढंच तो म्हणतो, आणि तंबोरा गिऱ्हाइकाच्या हवाली करतो.

तर झालं असं, की त्याला मूतखड्याचा त्रास झाला आणि खडा शोधायला केलेल्या स्कॅनमध्ये भलतंच सापडलं. खडा पडून गेला. भलतं राहिलं.

"स्वादुपिंडाच्या शेपटीत एक पिशवी दिसतेय," डॉक्टर संहिता आवटी म्हणाल्या. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलताना घाई करत नाहीत, म्हणून मला आवडल्या. "लिंबाएवढी. आत द्रव आहे."

"शेपटी?" मुनीर दचकला. "मला शेपटी आहे?"

"सगळ्यांनाच असते, मुनीरभाई."

जठराच्या मागे स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. उजवीकडे त्याचं डोकं, डावीकडे शेपूट. ते अन्न पचवायचा रस करतं आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवतं, आणि आयुष्यभर कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्यात कधीकधी अशा द्रवाच्या पिशव्या धरतात. काहींमध्ये नुसतं पाण्यासारखं पातळ असतं, त्या जन्मभर तशाच राहतात. काहींमध्ये बुळबुळीत, चिकट द्रव असतो. त्यातल्या बऱ्याचशा गप्प पडून असतात, पण थोड्या वर्षानुवर्षांनी हळूहळू बिघडत जातात आणि शेवटी कर्करोग होतात. तो झाल्यावर फार उशीर झालेला असतो. म्हणून पूर्वी डॉक्टरांपुढे मोठा पेच असायचा. सगळ्याच पिशव्या कापून काढाव्यात तर कितीतरी माणसांचं स्वादुपिंड उगीच जायचं आणि नशिबी मधुमेह यायचा. सगळ्या ठेवाव्यात तर त्यातली एखादी गळा धरायची.

मुनीरच्या घशातून दुर्बीण घालून, जठराच्या भिंतीतून बारीक सुई त्या पिशवीत टोचून डॉक्टरांनी थोडा द्रव काढला. प्रयोगशाळेत तो जायचा तो गेलाच, पण त्याआधी त्यांनी एक थेंब हातमोज्यातल्या अंगठ्यावर घेतला, तर्जनी टेकवली आणि बोटं फाकवली. बोटांमध्ये तार धरली. ती चांगली लांब ताणली गेली आणि मग तुटली.

हे त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं. "इतकी यंत्रं आली, पण हे बघायचं काही सुटत नाही," त्या म्हणाल्या. "तार धरली म्हणजे चिकट जातीची."

"म्हणजे माझ्या पोटात पाक झालाय," मुनीर म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

उपाय होता, आणि तो नवा होता. त्याचं नाव 'श्रोता'. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं एक यंत्र सुईतून त्या पिशवीत सोडायचं. ते द्रवात तरंगत राहतं, बारीक लहरी सोडतं आणि भिंतीवरून परत येणारे प्रतिध्वनी ऐकतं. त्याच्या अंगावर लावलेले रेणू पेशींच्या गळून पडलेल्या तुकड्यांना धरतात आणि त्यांच्यात काय बिघाड आहे ते वाचतात. बरगडीखाली चकती लावली की तेवढ्यापुरती दाण्याला ताकद मिळते आणि तो जे काही कळलं ते सांगतो.

सांगतो कसं, तर आवाजानं. पहिल्या श्रोत्यांनी आकडे सांगितले होते. तासातासाला फोनवर आकडा यायचा आणि माणसं तो बघून बघून अर्धमेली व्हायची. आकडा जरा हलला की लोक रडत दवाखान्यात यायचे आणि नुसत्या भीतीनं पोट फाडून घ्यायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की बाळाचं रडणं, गाडीचं इंजिन, उतू चाललेलं दूध, असले बदल माणसाच्या कानाला लगेच कळतात आणि कान त्यासाठी जिवाचा आटापिटा करत नाही. म्हणून सगळी मोजमापं मिसळून त्यांचा एक सूर केला. सकाळी थोडा वेळ ऐकायचा आणि कामाला लागायचं. तो सूर बरगडीच्या हाडांतूनच ऐकू येतो. फोननं टिपायला गेलं तर डास गुणगुणल्यासारखं काहीतरी मिळतं. चकतीत तो साठवत नाहीत, कारण शरीराचा आवाज कुणी चोरून विकू नये असा आता कायदा आहे. दाण्यातली सगळी नोंद दर सहा महिन्यांनी दवाखान्यात उतरवून घेतात.

"मधल्या काळात तुम्हीच पहारेकरी," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी आम्हाला बिघडलेल्या सुरांचे नमुने ऐकवले. एक किंचाळणारा होता, एक पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, एक मधूनमधून तुटणारा. मुनीरनं कानांवर हात ठेवले. "असं काही ऐकलं तर वाट बघू नका. लगेच या."

"असं ऐकल्यावर कोण थांबतंय, डॉक्टर? मी पळतच येतो," तो म्हणाला.

पहिल्या सकाळी चकती लावली आणि मुनीरचा चेहरा पडला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"बद्द आहे गं."

"म्हणजे?"

"म्हणजे बद्द. चिरलेल्या भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखं. ऐक."

मी त्याच्या पाठीला कान लावला. खरंच काही विशेष नव्हतं. एकच सूर, सपाट, लांबट. मला तो बरा वाटला. त्याला मात्र शरम वाटत होती. सबंध आयुष्य सुरात घालवलेल्या माणसाच्या पोटात असा मुका आवाज असावा, हे त्याला बरं दिसत नव्हतं. यासीनभाईजाननी विचारलं तेव्हा त्यानं विषय बदलला.

हळूहळू आमची सवय पडून गेली. फज्रची नमाज झाली की तो दिवाणावर बसायचा आणि मी त्याच्या पाठीला कान लावून मागे टेकायची. उजाडायच्या वेळी अंगात झोप असतेच. त्या सुरात मला डुलकी लागायची आणि स्वप्न पडायचं. स्वप्नात मी एका तळ्यात बुडालेली असायची, पण गुदमरत नसायची. पाणी मधाच्या रंगाचं आणि कोमट. चारी बाजूंना भोपळ्याच्या आतल्या भिंतीसारख्या गोल भिंती, आणि खाली तळाशी एक दाणा बसून एकटाच गात असायचा. त्याच्या गाण्याला कुठे टेकू मिळत नव्हता, म्हणून ते सरळ येत आणि सरळ जात होतं. मी त्याला हात लावायला जायची आणि मुनीर हलला की जागी व्हायची. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एवढे जवळ बसलो नव्हतो, हेही खरंच आहे. सकाळी त्याला दुकान असायचं आणि मला शाळा.

पावसाळा सरला आणि सूर खुलायला लागला.

आधी त्याच्या लक्षात आलं. एके दिवशी त्यानं माझा हात धरला आणि डोळे न उघडता म्हणाला, "बाई, ऐकतेस?" मला तो बाईच म्हणतो, शाळेतल्या मुलांसारखं. मी ऐकलं. त्या सपाट सुराच्या कडेला बारीकशी झिलई आली होती. आणखी काही दिवसांनी त्याच्यात दुसरा सूर दिसू लागला, वरचा, मग त्याच्याही वरचा. दाण्यानं आयुष्यभर एकच शब्द म्हणावा आणि मग एकाएकी त्या शब्दाचा अर्थ त्याला कळावा, तसं काहीतरी झालं होतं.

मी खोटं सांगणार नाही. मला तो आवडला. मी भौतिकशास्त्र शिकवते, पण मी तीस वर्षं त्या गल्लीत राहिलेली आहे. माझे कान कारागिराच्या घरातले आहेत. किंचाळणं, खिळा, तुटणं, यांतलं त्यात काहीही नव्हतं. मला वाटलं, पोट बरं होतंय.

गल्लीत बातमी पसरायला काय वेळ लागतो? यासीनभाईजान पहिले आले. त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग टोपी नीट करत म्हणाले, "माशाअल्ला. मुनीर, अब्बांच्या हातची जवारी अशी होती. तू लहान होतास, तुला आठवत नसेल."

"मला आठवते की," मुनीर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

त्यानंतर आमच्या घरी सकाळी रांग लागू लागली. सतारवाले आले, दिलरुबा करणारे आले, तारा ओढणारे आले. एकेक माणूस माझ्या नवऱ्याच्या पाठीला कान लावायचा, मान डोलवायचा, आणि मी चहा करत राहायची. कुणी म्हणालं, षड्ज असा पाहिजे. कुणी म्हणालं, अल्ला ज्याला देतो त्याला पोटातूनही देतो. मुनीर नवऱ्या मुलासारखा लाजायचा. आमची नाहिद तेवढी वेगळं बोलली. ती कोचीला जहाजांच्या कंपनीत असते, ईदला आली होती. तिला लहानपणापासून तंबोऱ्याचा कंटाळा.

"अब्बा, हे झणझणतंय," तिनं नाक मुरडलं. "दात आंबल्यासारखं होतंय मला. डॉक्टरांना दाखवलंत?"

"तुला कधी काय आवडलंय?" मी म्हणाले, आणि तिच्या वाटीत आणखी शीरखुर्मा वाढला.

मुनीरनं त्याच सुमारास एक नवा तंबोरा हातात घेतला. गिऱ्हाईक नव्हतं. तो स्वतःसाठी करत होता. सकाळी पोटातला सूर ऐकायचा आणि तो कानात असेपर्यंत दुकानात जाऊन घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासायची, असा त्याचा क्रम झाला. जेवायला बोलवावं तर "आलो" म्हणायचा आणि यायचा नाही. त्याच्या चेहऱ्यावर इतकं तेज मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मला थोडा मत्सरही वाटला. पाठीला कान माझा लागायचा, पण तो ज्याचं ऐकत होता त्याचा आणि माझा काही संबंध नव्हता.

एका रविवारी दुपारी मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले. वर आढ्याला भोपळे टांगलेले होते आणि त्यांच्यामधून ऊन येत होतं. लाकडाचा भुसा हवेत तरंगत होता. मुनीर मांडीवर तंबोरा घेऊन कानस चालवत होता आणि यासीनभाईजान समोर बसले होते.

"अजून बंद आहे," भाईजान म्हणाले.

"होय. तार अजून नीट टेकत नाही," मुनीर म्हणाला. "तिला घासायला जागा पाहिजे. जागा मिळाली की खुलते. तार नुसती हवेत वाजली तर काय होणार आहे? सपाटच वाजणार."

त्यानं तारेखालचा दोरा जरा सरकवला. तार घोडीच्या पाठीला हलकेच शिवली आणि सूर फुटून उमलला. त्यानं दोरा मागे घेतला. सूर परत सपाट झाला.

मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. हे मी मुलांना शिकवते. मोकळी वाजणारी तार साधी वाजते. वाजता वाजता ती कशाला तरी अडली, घासली, तर तिच्यातून वरचे सूर फुटतात. मला ते कोमट तळं आठवलं, त्याच्या गुळगुळीत भिंती आठवल्या. तिथे दाण्याच्या सुराला टेकायला काही नव्हतं. म्हणून तो सरळ येत आणि सरळ जात होता, आणि म्हणून तो बद्द होता, आणि तसाच तो असायला हवा होता.

"अहो," मी म्हणाले, "तुमच्या पोटात तो सूर कशाला घासतोय?"

कानस थांबली. यासीनभाईजाननी आधी माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. मुनीरनं वर बघितलंच नाही. तो घोडीवरचा भुसा फुंकत राहिला, आणि त्या फुंकण्यावरून मला कळलं की हा प्रश्न त्याला नवीन नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं," तो हळू म्हणाला. "मनात आलं होतं. मी त्याला पुढं येऊ दिलं नाही."

मी डबा खाली ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडले. भर दुपारी, गल्लीच्या तोंडावर. मला कुणाची लाज वाटली नाही.

डॉक्टरांनी दाण्यातली नोंद उतरवली, नवा स्कॅन केला, आणि पडद्यावर आम्हाला दाखवलं. पिशवीच्या आतल्या भिंतीला बाजरीच्या दाण्याएवढा एक उंचवटा आला होता. त्याच्या पेशींमध्ये वाईट बदल होते.

"सूर बदलला नाही का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या गोंधळल्या होत्या. "इतका बदल कानाला कळायलाच हवा."

"कळला की," मुनीर म्हणाला. "पण तो सुधारला, डॉक्टर."

त्यांनी चकती लावली आणि स्वतः ऐकलं. मग म्हणाल्या, "माझी आई गायची. आमच्याकडे मिरजेचाच तंबोरा होता." त्यांनी चकती काढून टेबलावर ठेवली. "हे नमुने ज्यांनी तयार केले त्यांना कुणाला हा आवाज चांगला वाटेल अशी कल्पनाच नसणार. आता ते बदलायला सांगते मी. पण मुनीरभाई, शेपूट काढावी लागेल, प्लीहेसकट. अजून उंबरठ्यावर आहे असं दिसतंय. आत शिरलं की माझ्या हातात फार काही राहणार नाही."

"एक महिना द्या," मुनीर म्हणाला.

"कशाला?"

त्यानं टेबलावरची चकती उचलून हातात धरली. मला माहीत होतं कशाला. दुकानात तो तंबोरा अर्धा पडला होता.

घरी न जाता आम्ही दुकानात गेलो. त्यानं दार लोटून घेतलं आणि भोपळ्यांखाली उभा राहिला.

"बाई, तू समजून घे. तीस वर्षं मी ज्याच्या मागं आहे ते मला मिळालंय. माझ्या आतच वाजतंय ते. कापून टाकलं की गेलं. ते साठवता येत नाही, गेल्यावर परत कुणाला ऐकवता येत नाही. मला फक्त एक घोडी तशी घासू दे. एक तंबोरा होऊ दे. मग काय कापायचं ते कापा."

"आणि तोवर ते आत शिरलं तर?"

"तर माझं नशीब."

"तुमचं नशीब?" माझा आवाज चढला. "माझं नाही का? नाहिदचं नाही का? तुमच्या नशिबात आम्ही कुठं बसतो, ते तरी सांगा. रांगेत? सकाळी पाठीला कान लावायला?"

"ओरडू नकोस. भाईजान ऐकतील."

"ऐकू देत. ते सगळे ऐकत होते, मान डोलवत होते, मी त्यांना चहा देत होते. मुनीर, तुम्ही मरत होता आणि आम्ही वा वा म्हणत होतो!"

तो खाली बसला. मीही त्याच्यासमोर भुशात बसले. लग्नानंतर मी त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती. ती तोंडातून गेली आणि आम्हा दोघांनाही ती ऐकू आली.

"मला त्या आवाजाची भीती वाटत नाही," तो म्हणाला. "तो गेल्यावरची वाटते. उद्या मी उठेन, हा तंबोरा हातात घेईन, आणि मला कळेल की हे त्याच्या जवळपासही नाही. मग मी काय करू? कशासाठी दुकान उघडू?"

मी त्याचा हात हातात घेतला. बोटांना घट्टे पडलेले, नखांत लाखेचा रंग. मला काहीतरी शहाणपणाचं सुचायला हवं होतं. शिक्षकांना अशा वेळी सुचतं असं लोकांना वाटतं. मला एकच गोष्ट म्हणायची होती आणि ती मी म्हटली.

"मला तो सूर नको. मला तुम्ही पाहिजे. साखर वाढलेले, टाके पडलेले, चिडचिडे, दुकान न उघडणारे, कसेही. तुम्ही नसाल तर त्या तंबोऱ्याचं मी काय करू? तो बघून रडू? मी तुमच्या आवाजाशी लग्न केलेलं नाही. तुम्ही घोरता ते मी आयुष्यभर सहन केलंय."

तो हसला. हसता हसता त्यानं डोळे पुसले. वर भोपळे हलत होते, दाराच्या फटीतून वारा येत होता. मग त्यानं तो अर्धा तंबोरा उचलला, त्याच्या तारा एकेक करून उतरवल्या, गुंडाळल्या आणि फळीवर ठेवून दिल्या.

"डॉक्टरांना फोन कर," तो म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी त्यानं शेवटचं ऐकलं. मी पाठीला कान लावला नाही. तेवढं त्याचं त्याला असू द्यावं असं मला वाटलं. त्यानं चकती काढली, रुमालात बांधली आणि माझ्याकडे दिली.

ऑपरेशन यंत्रांच्या बारीक हातांनी झालं, डॉक्टर आवटी पडद्यासमोर बसून ते हात चालवत होत्या. मी बाहेर बाकावर बसले होते आणि माझ्या शेजारी यासीनभाईजान तस्बीहचे मणी ओढत होते. मध्येच ते म्हणाले, "बिल्किस, मी त्याला माशाअल्ला म्हणालो." मी म्हणाले, "आपण सगळेच म्हणालो, भाईजान." एवढंच आमचं बोलणं झालं.

तपासणीत कळलं की तो उंचवटा कर्करोगाच्या अगदी दाराशी आला होता, पण दार ओलांडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या गळ्यात पडले. त्या हडबडल्या, मग त्यांनीही माझी पाठ थोपटली.

मुनीर बरा झाला. साखर वाढली, ती इंजेक्शनानं ताब्यात राहते. जेवण आता मापात असतं आणि आमची त्यावरून रोज भांडणं होतात. दुकान त्यानं दोन महिन्यांनी उघडलं. त्यानं तो तंबोरा पूर्ण केला नाही, गिऱ्हाइकांचे मात्र केले. मी एक ऐकला, चांगला होता. मी तसं म्हटलं तर त्यानं खांदे उडवले. पण दुसऱ्या दिवशी परत उघडलं दुकान, आणि तिसऱ्याही दिवशी.

मग वर्षानं केलेल्या स्कॅनमध्ये उरलेल्या स्वादुपिंडाच्या डोक्यात दुसरी एक पिशवी दिसली. वाटाण्याएवढी.

"ज्याला एक होते त्याला दुसरी होऊ शकते," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता ही काही करत नाहीये. पण ही काढायची म्हणजे सगळं स्वादुपिंडच काढायचं, आणि ते जिवावरचं काम आहे. उगीच करायचं नाही. ऐकत राहायचं. पुष्कळ वर्षं, कदाचित जन्मभर." या पिशवीतही एक दाणा सोडायचा होता. नव्या चकतीचा आवाज हाडांतून जात नव्हता, कानात घालायच्या बोंडातून यायचा. बोंड एकच असतं. "कुणाच्या नावावर करू?"

मी मुनीरकडे बघितलं. मला वाटलं तो हात पुढे करेल. वर्षभरात त्यानं कधी म्हटलं नव्हतं, पण मी त्याला ओळखते. सकाळी दिवाणावर बसून तो अजूनही काहीतरी ऐकायचा प्रयत्न करायचा.

"बाईंच्या," तो म्हणाला. "माझ्या कानाचा भरवसा नाही. चांगलं वाजायला लागलं तर मी सांगणार नाही."

एवढं खरं कुणी स्वतःबद्दल बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आता रोज सकाळी तो आडवा होतो, मी चकती लावते आणि बोंड कानात घालते. तो छताकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो, निकालाच्या दिवशी मुलं बघतात तसा. मी चेहरा हलू देत नाही. खरं सांगायचं तर माझेही कान त्याच गल्लीतले आहेत. त्या सपाट, मुक्या सुरात ते आपोआप काहीतरी शोधायला जातात. कुठे झिलई आहे का, कुठे वरचा सूर फुटतोय का. तो सापडला तर किती सुंदर असेल हे मला माहीत आहे. देवाकडे मागावं तर नेमकं मागावं, असं मी मुलांना सांगते. म्हणून मी नेमकंच मागते. या अल्ला, या माणसाच्या आत आजही काही गोड वाजू देऊ नकोस.

"कसा आहे?" तो विचारतो.

"बद्द," मी सांगते.

"अगदी?"

"अगदी. कसला भिकार आवाज आहे तुमचा."

तो सुटकेचा श्वास टाकतो, उठून बसतो आणि माझा हात क्षणभर धरून ठेवतो. मग तो दुकानाला जातो आणि मी शाळेला.